गाडी कंपन्यांच्या ‘गुप्त चिठ्ठी’चा मेसेज: बाबा ऐकेनात, खरं काय ते सांगा

वायपीनगरचा पोरगा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या वाय. पी. पोवार नगरात आमचं मशिनिंगचं छोटं शॉप आहे. बाबा चालवतात, डिप्लोमा झाल्यापासून मीही त्यांच्याबरोबर उभा राहतो. सध्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय चाललाय, आणि त्याचं मूळ एका मेसेजमध्ये आहे. इथं बऱ्याच जणांना तो आला असेल.

मेसेज असा: जगातल्या सगळ्या मोटार कंपन्या आतून एकच आहेत, स्पर्धा नुसती दाखवायला. काही वर्षांनी एकदा सगळे मालक स्वित्झर्लंडच्या एका हॉटेलात जमतात आणि चिठ्ठ्या टाकून ठरवतात, यंदा कुणी बुडायचं आणि कुणी विकत घ्यायचं. पुरावे पण दिलेत. पोर्शे निघाली होती फोक्सवॅगन घ्यायला, आणि शेवटी फोक्सवॅगननेच पोर्शे घेतली, म्हणजे आधीच ठरलेलं. बीएमडब्ल्यूने रोव्हर १० पौंडांना विकली, तो आकडा म्हणजे खूण. फोर्डने टाटांना जॅग्वार दिली आणि नंतर गुजरातमधला साणंदचा कारखाना दिला, म्हणजे एकाच कराराचे दोन हप्ते. आपल्या कोल्हापूरच्या छत्रपतींच्या जुन्या मेबॅक गाडीचं नावही त्यात घुसडलंय, ती कंपनी सुद्धा चिठ्ठीतच गेली म्हणे. त्यामुळं कोल्हापूरच्या ग्रुपांवर तो जास्तच फिरतोय. शेवटी लिहिलंय की पुढची चिठ्ठी भारतातल्या एका बड्या कंपनीची निघाली आहे आणि तिचे सगळे व्हेंडर, म्हणजे पार्ट पुरवणारे, बदलणार.

मी शोधलं तर हा मुळात विनोदी लेख निघाला. खाली ‘हे सगळं काल्पनिक आहे’ अशी ओळ होती, ती पुढं पाठवताना कुणीतरी कापली. बाबांना दाखवलं तर म्हणाले, “ती ओळच त्यांनी दडपण आणून टाकायला लावली असणार.”

आता अडचण अशी. पुण्याच्या एका टियर वनकडून, म्हणजे गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या पुरवठादाराकडून, आम्हाला नवीन पार्ट आलाय. इंजिनाचं ब्रॅकेट, दोन सेटअपचं काम. त्यासाठी व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंगचं मशीन, घ्यावं लागेल. बँकेचं कर्ज मंजूर होऊन पडलंय आणि बाबा सही करत नाहीत. “ज्याची कंपनीच उद्या दुसऱ्याची होणार, त्याच्या जिवावर कर्ज काढू?” हा त्यांचा प्रश्न. बाबा अडाणी नाहीत, साध्या लेथवर त्यांनी हे शॉप उभं केलंय. या मेसेजमधलं किती खरं, किती खोटं, आणि त्यांना कोणत्या शब्दांत सांगू?


कसबा बावडेकर

भावा, तुझे बाबा चुकत नाहीयेत. मेसेज विनोदी असेल, पण धूर निघतोय तिथं काहीतरी जळतंय. मारुती सुझुकीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा शेजारी उभ्या कर, बिल्ला सोडून काय फरक आहे? रेनोची डस्टर आणि निस्सानची टेरानो एकाच कारखान्यातून यायच्या. फोक्सवॅगनच्या पोलो-व्हेंटोचा सांगाडा स्कोडाच्या रॅपिडच्या खाली. हे सगळे एकमेकांचे वैरी असतील तर एकमेकांची गाडी आपल्या शोरूमला का विकतील?

आणि गेले किती बघ. शेवरले गेली, फोर्डने गाड्या बंद केल्या, फियाट गेली. आमच्या घरी अशाच एका गेलेल्या कंपनीची गाडी आहे. मागच्या पावसाळ्यात एका सेन्सरसाठी शाहूपुरीपासून पुण्यापर्यंत फोन केले. सामान्य माणूस आणि छोटा व्हेंडर दोघंही रस्त्यावर, आणि वरचे लोक एकमेकांना कारखाने विकून मोकळे. याला मी तरी मिलीभगतच म्हणतो.


शिरोलीचा बीडवाला

पोरा, हे वडिलांना स्वतः वाचून दाखव, पुढं पाठवून देऊ नकोस.

माझी शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. नव्वदच्या दशकापासून गाड्यांचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततोय. मालक बदललेल्या कंपन्यांचा माल माझ्या भट्टीतून गेलाय, आणि मालक बदलला की आमच्या शेडमध्ये काय होतं ते मी भोगलंय. म्हणून या मेसेजचा मला राग येतो. खरं दुखणं बाजूला राहतं आणि माणूस स्वित्झर्लंडच्या हॉटेलाकडं बघत बसतो.

पोर्शेचं आधी सांगतो, कारण तुझे बाबा तिथंच अडकले असणार. २००८ च्या ऑक्टोबरात पोर्शेने जाहीर केलं की फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर आपल्याकडं आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर ऑप्शनचे, म्हणजे शेअरच्या भावाशी बांधलेले, करार आहेत. लोअर सॅक्सनी राज्य सरकारकडं २० टक्क्यांच्या वर होते. बेरीज कर, बाजारात खुले उरले सहा टक्क्यांच्या आत. त्याच वेळी भाव पडणार या हिशेबाने उसने शेअर आणून विकून बसलेले सट्टेवाले होते, आणि त्यांनी विकलेले शेअर या सहा टक्क्यांच्या दुपटीहून जास्त होते. परत करायला शेअर मिळेनात, म्हणून मिळेल त्या भावाने घ्यायला धावले. दोन दिवसांत भाव हजार युरोंच्या वर गेला आणि काही तास फोक्सवॅगन जगातली सगळ्यात महाग कंपनी झाली.

पण हे शेअर पोर्शेने कर्जावर उचलले होते. मंदी आली, बँकांनी हात आखडला, अंगावर दहा अब्ज युरोंच्या आसपास कर्ज. त्यात लोअर सॅक्सनीला खास कायद्याने नकाराधिकार होता, त्यामुळं फोक्सवॅगनच्या तिजोरीला हात लावता येईना. २००९ च्या जुलैत पोर्शेचे मुख्य साहेब वेंडेलिन व्हिडेकिंग यांना जावं लागलं. त्याच वर्षी फोक्सवॅगनने पोर्शेच्या गाडी व्यवसायाचा ४९.९ टक्के हिस्सा घेतला आणि उरलेला २०१२ मध्ये, ४.४६ अब्ज युरो अधिक आपला एक शेअर देऊन. तो एक शेअर कशाला? तो दिला की व्यवहार कराच्या हिशेबात विक्री न धरता पुनर्रचना धरला जातो आणि प्रचंड कर वाचतो. आता अशा एका शेअरला कुणी ‘खूण’ म्हणेल. तो सीएचा हिशेब आहे, आणि तेव्हाच्या पेपरात छापून आला होता.

चिठ्ठीने ठरलेल्या नाटकात कोण स्वतःच्या डोक्यावर एवढं कर्ज करून घेतं? कोण आपली खुर्ची घालवतो? व्हिडेकिंग आणि त्यांचे अर्थप्रमुख यांच्यावर बाजारात फसवणूक केल्याचा खटला चालला, २०१६ मध्ये दोघं निर्दोष सुटले.

त्या मेसेजवाल्याला मुख्य गोष्ट दिसलीच नाही. दोन्ही बाजूंना एकाच माणसाचे वंशज होते. फर्डिनांड पोर्शे यांचा एक नातू फर्डिनांड पिएख फोक्सवॅगनच्या देखरेख मंडळाचा अध्यक्ष, दुसरा नातू वोल्फगांग पोर्शे हा पोर्शेच्या बाजूचा. आपल्याकडं बांधावरून जी भाऊबंदकी चालते तीच ही, फक्त बांध अब्जावधी युरोंचा. आणि आजही फोक्सवॅगनमधली निम्म्याहून जास्त मतं याच घराण्यांच्या कंपनीकडं आहेत. पैसा घरातच राहिला. ते लपवलेलं नाही, त्यांच्या वार्षिक अहवालात असतं.

रोव्हरचे १० पौंड. बीएमडब्ल्यूने १९९४ मध्ये रोव्हर ८० कोटी पौंडांना घेतली होती. सहा वर्षं तोटा सोसला. २००० मध्ये मिनी स्वतःकडं ठेवली, लँड रोव्हर फोर्डला विकली, आणि उरलेला लाँगब्रिजचा कारखाना १० पौंडांना देऊन टाकला, वर ४० कोटी पौंडांहून जास्त बिनव्याजी कर्जही दिलं. ज्या कारखान्याबरोबर हजारो कामगारांची देणी येतात त्याची किंमत अशीच असते. आपल्या शिवाजी उद्यमनगरात सुद्धा देणी घेतो म्हणून नाममात्र पैशात शेड हातात आलेली माणसं आहेत. २००५ मध्ये तो कारखाना बंद पडलाच. त्याआधी २००३ मध्ये आपल्या पुण्याची, टाटांची इंडिका तिथं सिटीरोव्हर या नावाने विकली गेली, हे किती जणांना ठाऊक आहे? एमजी हे नाव मग चिनी कंपनीकडं गेलं आणि शेवरलेवाल्या जनरल मोटर्सने सोडलेल्या गुजरातच्या हालोल कारखान्यातून आज गाड्या बनवतंय. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. जो उठून जातो त्याची शेड शेजारचा घेतो. तयार शेड, तयार वीज, तयार पेंट शॉप, नवीन बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

टाटा-फोर्डचं पण तसंच. २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला. फोर्डला तेव्हा रोकड पाहिजे होती. साणंदचा करार २०२२ चा, ७२५.७ कोटी रुपयांचा. मधे चौदा वर्षं, आणि त्या काळात फोर्डने भारतात दोन अब्ज डॉलरच्या वर तोटा केला. कुणाच्या करारातला दुसरा हप्ता असा येतो? आणि हे नीट ऐक, कारण तुमचा पार्ट इंजिनाचा आहे: साणंदचा गाडीचा कारखाना विकला, तरी इंजिनाचा कारखाना फोर्डने स्वतःकडंच ठेवला, निर्यातीच्या इंजिनांसाठी. गाडी बंद झाली म्हणजे त्या कंपनीचं सगळं काम बंद झालं, असं नसतं.

आता माझं दुखणं. नाव घेत नाही, पण एका परदेशी गाडीवाल्याच्या टियर वनचा एक पार्ट आम्ही करायचो. पॅटर्न, कोअर बॉक्स, म्हणजे ओतकामाचे साचे, सगळं आमच्या खर्चाने, आणि तो खर्च नगामागं थोडा थोडा वसूल व्हायचा. शेड्यूल कमी होत गेलं. मग एक ईमेल, पुढच्या महिन्यापासून शून्य. पॅटर्नचे अजून निम्मे पैसे यायचे होते, ते आलेच नाहीत. पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, कुठंच लिहिलं नव्हतं की काम मध्येच थांबलं तर टूलिंगचा, म्हणजे या साच्यांचा, उरलेला खर्च कुणी द्यायचा. कंपनी कुणी घेतली, जपान्याने का जर्मनाने, याने माझ्या नुकसानीत एका पैशाचा फरक पडला नसता. पीओमधल्या एका ओळीने पडला असता.

तुझ्या बाबांची भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या दाराशी उभी आहे. त्यांना म्हणावं, त्या टियर वनला चार गोष्टी विचारा. फिक्स्चरचे, म्हणजे मशीनवर तुकडा पकडायच्या चौकटीचे, पैसे वेगळे देणार की नगात घालणार? नगात घालणार असाल तर किती नगांपर्यंत, आणि त्याआधी काम थांबलं तर उरलेले कोण देणार? हे ब्रॅकेट एकाच गाडीला लागतं की त्या इंजिनावर चालणाऱ्या सगळ्या गाड्यांना? कच्चं कास्टिंग कोण पुरवणार आणि रिजेक्शन, म्हणजे नापास माल, कुणाच्या खात्यावर? उत्तरं ईमेलवर घ्या, फोनवर नको.

आणि व्हीएमसी घेताना असं घ्या, की उद्या ब्रॅकेट थांबलं तरी त्यावर ट्रॅक्टरचं, पंपाचं, ऑइल इंजिनाचं काम चढेल. कोल्हापूर टिकलंय ते यामुळंच. गाडीवाले आले-गेले, पण इथल्या फौंड्रीला ऑइल इंजिन आणि साखर कारखान्यांनी जगवलं. एकाच गिऱ्हाइकाच्या मापाचं मशीन घेऊ नका, मग तो गिऱ्हाईक कितीही मोठा असू दे.

बावडेकर भाऊ, तुमचा राग मला समजतो. पण बलेनो-ग्लान्झा हा चोरीचा मामला नाही. टोयोटाने २०१९ मध्ये सुझुकीचे जवळपास पाच टक्के शेअर घेतले, सुझुकीने टोयोटाचे थोडे घेतले, आणि दोघांनी गाड्या वाटून घ्यायचं सांगूनच सुरू केलं. नवीन मॉडेलची टूलिंग करायला शेकडो कोटी लागतात. व्हेंडरला हे बरंच असतं, एका पार्टला दोन गिऱ्हाइकं मिळतात.


जुना राजवाडा

मेबॅकचं नाव आलं म्हणून लिहितो, त्या मेसेजमधलं मला तेच सगळ्यात जास्त लागलं. दसऱ्याला दसरा चौकात ती गाडी येते तेव्हा आम्ही लहानपणापासून गर्दीत उभे राहतो. राजाराम महाराजांच्या काळातली, तीसच्या दशकातली गाडी. तिच्यावर असलं काहीबाही चिकटवू नये.

विल्हेल्म मेबॅक हे गोटलीब डाइमलर यांचे सहकारी. त्यांचा मुलगा कार्ल याच्याबरोबर १९०९ मध्ये कंपनी निघाली ती झेपेलिन या फुग्यासारख्या हवाई जहाजांच्या इंजिनांसाठी. गाड्या नंतर आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाबरोबर संपल्या. डाइमलर-बेंझने कंपनी घेतली १९६० मध्ये, म्हणजे गाड्या थांबून वीसेक वर्षं झाल्यावर, तेव्हा ती मोठी डिझेल इंजिनं करत होती. चिठ्ठी टाकायला तिथं गाडीच शिल्लक नव्हती.


ताराबाई पार्क सीएस

मी कंपनी सेक्रेटरी आहे, वायपीनगरच्या दादांना कामापुरतं सांगते.

भारतात शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी गुपचूप कुणाची होऊ शकत नाही. सेबीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे कुणाकडं पाच टक्के झाले की दोन कामाच्या दिवसांत जाहीर करावं लागतं. २५ टक्क्यांचा टप्पा गाठला की बाकीच्या भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के घ्यायची खुली ऑफर द्यावीच लागते. मोठा व्यवहार असेल तर स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते. शिवाय कुणाकडं किती शेअर आहेत याचा तक्ता दर तिमाहीनंतर २१ दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो, फुकट बघता येतो. बाबांना ज्या ‘बड्या कंपनी’ची भीती आहे तिचा तक्ता समोर बसवून दाखवा. मागच्या चार तिमाहींचे आकडे शेजारी ठेवा.

तुमचा टियर वन बाजारात नोंदलेला नसेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून त्याची कागदपत्रं बघता येतात. ताळेबंद बघा, आणि कुठल्या बँकेचा बोजा कशावर आहे ते बघा. कर्ज काढण्याआधी एवढं प्रत्येकाने करावं असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे. आपल्याकडं लोक सोयरीक करताना दहा ठिकाणी चौकशी करतात आणि गिऱ्हाइकाचा ताळेबंद एकदाही उघडत नाहीत.

आणखी एक. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आजच करा. ती असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज मागता येतं. फिक्स्चरच्या पैशांबद्दल बीडवाले काका म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. ती अट पीओमध्येच यायला हवी, नाहीतर कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर दावा लावताना हातात कागद नसतो.


कसबा बावडेकर

ताई, काका, पटलं बरंचसं. पण एक विचारतो. कंपन्यांनी मिळून खरंच कट केला असं कधी सिद्धच झालं नाही का? सगळंच स्वच्छ असतं असं मला नाही वाटत.


शिरोलीचा बीडवाला

झालंय ना, आणि ते सांगितलंच पाहिजे. अमेरिकेत जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया, फिलिप्स पेट्रोलियम यांनी नॅशनल सिटी लाइन्स नावाच्या कंपनीत पैसे घातले. त्या कंपनीने कितीतरी शहरांची ट्राम आणि बससेवा विकत घेतली आणि ट्रामच्या जागी बस आणल्या. १९४९ मध्ये कोर्टाने कंपन्यांना दोषी धरलं. दोष कशाचा, तर त्या सेवांनी बस, टायर आणि तेल आपल्याकडूनच घ्यावं यासाठी संगनमत केलं, याचा. कंपन्यांना दंड झाला प्रत्येकी ५,००० डॉलर आणि जनरल मोटर्सच्या खजिनदाराला एक डॉलर. ट्राम मारण्यासाठीच सगळं केलं का, यावर अभ्यासक आजही भांडतात. ट्राम आधीपासूनच तोट्यात होत्या.

खरा कट कसा सापडतो बघा. त्याला करार असतात, पैसे कुठून कुठं गेले त्याची नोंद असते, साक्षीदार असतात, आणि त्यात कुणाला काय विकायचं होतं हे स्पष्ट असतं. तुमच्या मेसेजमध्ये यातलं एक तरी आहे का?

भांडणंही खरी असतात. फोक्सवॅगनने २००९ मध्ये सुझुकीचे १९.९ टक्के घेतले होते. दोन वर्षांत बिनसलं. सुझुकीने डिझेल इंजिन फियाटकडून घेतलं म्हणून फोक्सवॅगन चिडली, आणि सुझुकीला वाटलं हे आपल्याला खिशात घालायला बघतात. लवादात वर्षानुवर्षं भांडून २०१५ मध्ये सुझुकीने आपले शेअर परत मिळवले. आतून एक असते तर त्या म्हाताऱ्या ओसामू सुझुकींनी एवढा जीव कशाला काढला असता?


वायपीनगरचा पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर बाबांना सगळं वाचून दाखवलं. पोर्शेवर काही बोलले नाहीत. पॅटर्नचे पैसे बुडाल्याचं आलं तेव्हा मला थांबवून ते परत वाचायला लावलं. मग आपली जुनी पीओची फाइल काढली आणि चष्मा लावून बसले. आमच्याही एकाही पीओमध्ये ती अट नाही.

ताई, उद्यम नोंदणी आहे, पण ४५ दिवसांचं बिलावर छापलेलं नाही. आज नवीन बिलबुक टाकतोय. टियर वनला ईमेल गेला आहे, काकांचे चारही प्रश्न त्यात आहेत. सही अजून केलेली नाही. बाबा म्हणतात उत्तर आल्यावर बघू. त्यांना काकांना एक विचारायचंय: कास्टिंग टियर वनच देणार आहे, पण त्यात कडक ठिपके निघाले आणि आमचे इन्सर्ट, म्हणजे कापायच्या टूलची पाती, उडाले तर तो खर्च कुणाकडं मागायचा?


शिरोलीचा बीडवाला

तो प्रश्न पाचवा म्हणून त्याच ईमेलला जोडून पाठवा. मशिनिंगमध्ये उघडं पडलेलं कास्टिंगचं रिजेक्शन कास्टिंगवाल्याच्या खात्यावर, आणि त्यावर झालेल्या मशिनिंगचे पैसे तुम्हाला, असं स्पष्ट मागा. इन्सर्टचे पैसे सहजी कुणी देत नाही, पण हार्डनेसची मर्यादा ड्रॉइंगवर लिहून घेतली असेल तर भांडायला जागा राहते. पहिल्या लॉटमधले थोडे तुकडे हार्डनेस तपासायला वेगळे काढा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

बाबांना म्हणावं, येताना ड्रॉइंग घेऊन शिरोलीला या. ग्रेड बघितल्याशिवाय मी नगाच्या रेटबद्दल काही बोलणार नाही. साधं ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या बिडाच्या दोन प्रकारांच्या सायकल टाइममध्ये, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेत, फरक पडतो, आणि त्यांनी तुम्हाला दिलेला रेट कुठला धरून काढलाय ते आधी कळलं पाहिजे.